पुढून दोन, मागून चार

कापणीच्या ऐन हंगामात मळेवाल्याचा ट्रॅक्टर उभ्या रानात मेला. आधी धाप लागल्यासारखा खोकला, मग आत कुठंतरी हाड मोडावं तसा आवाज आला, आणि मग नुसता वारा ऐकू येऊ लागला. ओढून नेला तो मिस्त्रीच्या छपराखाली नाही, डांबरी रस्त्यावरच्या एजन्सीत. तिथं फरशी पांढरी, भिंती काचेच्या, आणि इंजिन उघडणारा माणूस हातात पांढरे मोजे घालणारा. दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्रीला बोलावणं आलं.

"इंजिन दोन महिन्यांपूर्वी तुम्हीच बांधलेलं ना? मग या म्हणालेत," निरोप्या सायकलवरूनच बोलला. पाय टेकवायचे कष्टही घेतले नाहीत त्यानं.

मिस्त्रीबरोबर त्याची मुलगी निघाली. लहानपणापासून ती बापाच्या हाताशी असायची. अंगानं काटकुळी, कामाला दोन्ही टोकांनी तयार, म्हणून बापानं तिचं नाव बारातेरा ठेवलं होतं. पेटीतला बारा-तेराचा पाना कसा, सगळ्यांत आधी हाताला लागतो आणि सगळ्यांत आधी हरवतो. आता ती अठराची झाली होती. शेवटच्या परीक्षेचा निकाल लागला होता, गणितात शाळेत पहिली आली होती, आणि इंजिनिअरिंगच्या पदवीसाठी कोणता विषय आधी, कोणता नंतर, हे आठ दिवसांत भरून द्यायचं होतं. गणिताचे सर म्हणाले होते, "मेकॅनिकल टाक पहिलं. त्यात सगळी यंत्रं येतात. ऑटोमोबाइल म्हणजे नुसत्या गाड्या. आधी झाड बघावं, मग फांदी." तिनं मान हलवली होती. तिच्याही मनात तेच होतं.

एजन्सीच्या दारात हातमोजेवाल्यानं हात आडवा केला.

"आत नको, आत नको. फरशी आत्ताच पुसलीय."

मिस्त्रीनं चपला काढल्या.

हातमोजेवाल्यानं त्याच्या पायांकडे पाहिलं. "पायही तसेच आहेत की!"

हंगामाचे दिवस, दहाबारा शेतकरी आपापल्या ट्रॅक्टरचे पार्ट घ्यायला रांगेत उभे होते. ते हसले. फार नाही, पण हसले. त्यांतल्या निम्म्यांची इंजिनं मिस्त्रीनं कधी ना कधी पोटाशी धरली होती.

टेबलावर क्रँक ठेवला होता, दोन तुकडे झालेला. क्रँक म्हणजे इंजिनाचा कणा, पिस्टनचं वरखाली चाकाच्या गरगर फिरण्यात बदलतो तो. त्याला खालून धरून ठेवणाऱ्या पाच लोखंडी टोप्या, आतल्या बेअरिंगच्या कवचांसकट, एका रांगेत मांडल्या होत्या. हातमोजेवाल्यानं त्यांतली एक दोन बोटांत उचलली. मेलेला उंदीर उचलावा तशी.

"हे काय?"

"टिंबं आहेत, साहेब. टोकदार पंच ठेवून मारलेली. कुठली टोपी कुठली, ते कळावं म्हणून. पहिलीवर एक टिंब, दुसरीवर दोन..."

"म्हणजे कंपनीच्या मालावर तुम्ही हातोडा मारला."

"हलकासा, साहेब. आमचे उस्तादसुद्धा..."

"उस्ताद!" हातमोजेवाला रांगेकडे वळला. "ऐकलंत? यांचे उस्ताद!" मग त्यानं कंपनीचं जाडजूड पुस्तक उघडलं आणि दारात उभ्या मिस्त्रीपुढं धरलं. "वाचा. पान समोरच आहे. हातोडा मारा असं कुठं लिहिलंय ते दाखवा."

मिस्त्रीनं पुस्तक बोटांनी धरलंच नाही. डाग पडेल म्हणून दोन मनगटांच्या मध्ये धरलं, ओलं बाळ धरावं तसं. परक्या भाषेतली ओळ न् ओळ त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. बारातेरानं हात पुढं केला.

"तुला नाही विचारलं," हातमोजेवाला म्हणाला. "मोठ्यानं वाचा, मिस्त्री. आम्ही थांबतो."

थांबले सगळे. वरचा पंखा फिरत होता. मिस्त्रीच्या कानामागून एक घामाचा थेंब निघाला, मानेवरून उतरला, सदऱ्याच्या कॉलरमध्ये गेला. तेवढा वेळ सगळे थांबले.

"नाही येत, साहेब," मिस्त्री म्हणाला.

मळेवाला कोपऱ्यातल्या खुर्चीत बसला होता. तो उठला. "वीस वर्षं तुझ्यावर डोळे मिटून भरवसा ठेवला, मिस्त्री," म्हणाला. "उघडायला हवे होते."

हातमोजेवाल्यानं एक कागद लिहिला, त्यावर शिक्का मारला आणि काचेवर आतून चिकटवला, जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसेल असा. *अडाणी कारागिराने हातोड्याचे घाव घातल्यामुळे क्रँक मोडला. गिऱ्हाइकांनी सावध राहावे.*

पाठांतर बारातेराला कधी जमलं नव्हतं. कविता चार ओळींनंतर अडायची. हा कागद तिला एका वाचनात पाठ झाला.

•

दुपारी मळेवाल्याच्या गाडीवानानं मोडकं इंजिन मिस्त्रीच्या अंगणात आणून टाकलं. एजन्सीनं नवं इंजिन बसवायला घेतलं होतं. जुनं म्हणे भंगार. "तुमचं पाप तुमच्या दारात, असं सांगायला सांगितलंय," गाडीवान खाली बघत म्हणाला. टोप्या पुन्हा जागेवर, हातानं पिळून बसवलेल्या. क्रँकचे दोन तुकडे वेगळे, पोत्यात.

आई शेतावरून आली तेव्हा तिला आधी पोतं दिसलं, मग नवरा. तो छपराखाली पाने पुसत बसला होता. पुसलेलेच पुन्हा पुसत होता. आईनं लेकीकडून सगळं ऐकलं. एकदा नाही, दोनदा ऐकलं. दुसऱ्यांदा "पायही तसेच आहेत की" पाशी तिला थांबवलं आणि म्हणाली, "हं. हे पुन्हा सांग."

मग ती चुलीपाशी राखेनं हात घासत बसली, आणि घासता घासता, कुणाला उद्देशून नाही असं, म्हणाली,

"काळं हाताचं जाईल, राख-मातीनं घासून
काळं जिभेचं जायाला, पाणी आणू मी कुठून."

आईला अशा ओळी यायच्या. बाकीच्या बायकांना शिंका याव्यात तशा. ही ओळ तिनं कुणासाठी जोडली, हे घरात कुणी विचारलं नाही.

हंगाम म्हणजे मिस्त्रीची सुगी. एरवी छपरापुढं तीन-तीन इंजिनं उघडी पडलेली असायची आणि गिऱ्हाईक उंबऱ्यावर उकिडवं बसून चहा मागायचं. आता छपरापुढं चिमण्या उतरू लागल्या. तिसऱ्या दिवशी मिस्त्री धान्याच्या बाजारात पोती उचलायला गेला. पन्नाशीला टेकलेला माणूस, मनगटं लोखंडाची पण पाठ बसून काम करणाऱ्याची. संध्याकाळी परत आला तेव्हा मानेवर तूस चिकटलेलं होतं आणि खांद्यावर पोत्याच्या सुतळीची जाळी उमटली होती, लाल.

"हमालांनी काही म्हटलं?" आईनं विचारलं.

"नाही."

"खरं सांगा."

"म्हणाले, मिस्त्री, कुठलं पोतं कुठलं ते कळायला टिंबं मारा की!" तो थोडा हसलासुद्धा. "विनोद बरा होता."

आई हसली नाही. तिनं तेल कोमट केलं आणि त्या जाळीवर असं चोळलं की मिस्त्री कळवळला.

"अगं, हळू."

"हळूच चोळतेय. राग तुमच्यावर नाही." मग लेकीकडे वळली. "त्या हातमोज्याची पदवी कसली?"

"ऑटोमोबाइलची. दारावरच्या पाटीवर आहे."

"आणि त्याच्या वर कोण असतो?"

"वर्कशॉपचा मुख्य. त्यालाही तीच लागते. जाहिरातीत होतं."

"किती वर्षांची?"

"चार."

"मग तीच भर," आई म्हणाली. "चार वर्षांनी तू वर, तो खाली. दारात उभा करायचा त्याला. पाय बघायचे त्याचे."

बारातेराच्या मनातही तेच चाललं होतं. मेकॅनिकल ते, ऑटोमोबाइल ते, असलं सरांचं झाड-फांदी आता तिला पुळचट वाटू लागलं होतं. तिला ती काच हवी होती, ते टेबल, ती खुर्ची. पहाटे डोळा उघडला की ती मनातल्या मनात त्याला दारात थांबवायची, आणि रोज नवं काहीतरी वाचायला द्यायची. कधी कधी तो रडायचा. तेव्हा तिला झोपेपेक्षा जास्त विश्रांती मिळायची.

"तुमचं काय म्हणणं?" आईनं नवऱ्याला विचारलं.

मिस्त्री पालथा पडला होता. चटईत तोंड ठेवूनच म्हणाला, "मी काय म्हणणार. मला वाचता येत नाही."

•

सहाव्या दिवशी, आई कापणीला आणि बाप बाजारात गेल्यावर, बारातेरानं ते मेलेलं इंजिन लाकडाच्या ठोकळ्यांवर उलटं चढवलं. तिला पुरावा हवा होता. टिंबांनी क्रँक मोडत नाही हे तिला ठाऊक होतं. भाजीच्या सुरीवर ओरखडा पडला म्हणून कुणाचं मनगट मोडतं का? तेव्हा लोखंड खोटं असणार, तेलाचा पंप खोटा असणार. कंपनीचंच काहीतरी खोटं असणार. ते सापडलं की ती खुर्चीत बसायला चार वर्षं थांबणार नव्हती. उद्याच जाऊन त्याच्या काचेवर मारणार होती.

तेलाच्या वाटा तिनं तारेनं साफ करून बघितल्या. मोकळ्या होत्या. पंप हातानं फिरवला. चोख. क्रँकच्या तुटक्या तोंडाला तिनं उन्हात धरलं. कडेला शंखावर असतात तशा बारीक वळ्या होत्या. म्हणजे तो एका दिवसात मोडला नव्हता. रोज थोडा वाकत होता, रोज थोडा तुटत होता, दोन महिने. नीट धरलेला क्रँक रोज वाकत नाही.

मग तिनं टोप्यांखालची बेअरिंगची कवचं काढली. पहिलं सगळीकडून सारखं झिजलेलं. तिसरं, पाचवं, तसंच. दुसरं मात्र एकाच काठाला चांदीसारखं चमकत होतं. आणि चौथं दुसऱ्या काठाला.

ती उन्हात बसून राहिली.

पहिली, तिसरी आणि पाचवी टोपी आकारानंच वेगळी. चुकवतो म्हटलं तरी चुकत नाहीत. दुसरी आणि चौथी मात्र जुळ्या बहिणी, आईलाही न ओळखू येणाऱ्या. त्या दोघींसाठीच टिंबं लागायची. प्रत्येक टोपी तिच्या जागेवरच कारखान्यात कोरलेली असते. केसाएवढा फरक, पण इंजिनाला केस पुरतो.

मिस्त्री नेहमी मागून मोजायचा, फ्लायव्हीलच्या जड चाकाकडून. "जोर जिथून बाहेर पडतो तिथून मोजायचं," त्याच्या उस्तादानं शिकवलं होतं. आणि खूण फक्त टोप्यांवर करायची, ब्लॉकवर, म्हणजे इंजिनाच्या धडावर, नाही. "ब्लॉक काय पळून जातो? खूण पळणाऱ्याला करायची."

पण त्या दिवशी मिस्त्री बेअरिंगं आणायला गावाबाहेर गेला होता. इंजिन उघडून पडलं होतं. मळेवाला दोनदा येऊन घाई करून गेला होता. "तेवढ्या टोप्यांवर टिंबं मारून काढून ठेव गं," बाप जाताना म्हणाला होता. आणि तिनं, परीक्षा नुकतीच झालेली, डोकं पुस्तकांनी भरलेलं, ग्रंथालयातल्या पुस्तकातली आकृती आठवून इंजिनाच्या पंख्याकडून मोजलं. पुढून. एक, दोन, तीन, चार, पाच. पुस्तक तसंच मोजतं. टिंबं मारताना तिला आपण बापापेक्षा काहीतरी जास्त करतोय असंही वाटलं होतं. गोड वाटलं होतं.

तिची दोन म्हणजे बापाची चार.

संध्याकाळी बापानं टोप्या पटापट बसवल्या होत्या, तीन आकारावरूनच, टिंबं न बघता, आणि दोघी जुळ्या टिंबांवरून, मागून मोजून. लेकीची टिंबं, तपासायची कशाला? क्रँक हातानं फिरवून बघितला आणि म्हणाला होता, "जरा जड आहे. नवी बेअरिंगं आहेत, बसतील."

बारातेरानं दोन्ही टोप्या ओंजळीत घेतल्या. गेले सहा दिवस तिनं ज्याला दारात उभा करून रडवलं होतं, त्याच्या जागी आता कोण उभं होतं ते तिला दिसलं. त्याचे पाय तिच्याच पायांसारखे होते.

•

आईला तिनं आधी सांगितलं. आई विळा धुवत होती. धुवायची थांबली नाही.

"कुणाला बोललीस?"

"नाही."

"मग बोलू नकोस. तुझ्या बापालाही नको."

"आई, चूक माझी आहे. तो म्हणाला ते..."

"तो काय म्हणाला? हातोड्यानं मोडला म्हणाला. मोडला का हातोड्यानं?"

"नाही."

"अडाणी म्हणाला. तुझा बाप अडाणी आहे का?"

"नाही."

"मग? चूक आपली, ती आपण गिळू. अपमान त्याचा, तो त्याला गिळायला लावू. एका ताटात दोन्ही वाढू नकोस." विळ्याची धार तिनं अंगठ्यानं पाहिली. "उद्या पाचपर्यंत फॉर्म आहे ना? ऑटोमोबाइल भर, आणि तोंड मिटून चार वर्षं शिक."

रात्र पडायच्या आधी मिस्त्री आला. हात-पाय धुऊन ओट्यावर टेकला. समोर इंजिन उलटं चढवलेलं पाहून म्हणाला, "उघडलंस?" त्या आवाजात इतकी भूक होती, सहा दिवस इंजिनाला हात न लावलेल्या माणसाची, की बारातेराला तोंड मिटून ठेवता आलं नाही. तिनं टोप्या त्याच्या हातात दिल्या. आई मागून "अगं" म्हणेपर्यंत सगळं सांगून झालं होतं.

मिस्त्रीनं कवचांच्या काठावरून अंगठा फिरवला. मग दुसऱ्या अंगठ्यानं पुन्हा तेच केलं. डोळे मिटले होते.

"पुढून मोजलंस," तो म्हणाला.

"हो, बाबा."

"मला सांगितलं नाहीस."

"नाही."

त्यानं हात उचलला. ती हलली नाही. हात तसाच वर राहिला, मग तिच्या खांद्यावर येऊन पडला, जोरातच, पोतं टाकावं तसा. लागलं तिला.

"आणि मी जड लागलेलं ऐकलं नाही," तो म्हणाला. "हातानं सांगितलं होतं मला. घाई होती, मी हाताला गप्प केलं."  आणि मग त्याचा चेहरा असा बदलला की आई चुलीकडून उठून जवळ आली. त्याचा राग कसा दिसतो हे वीसएक वर्षांच्या संसारात तिनं फारसं पाहिलं नव्हतं.

"म्हणजे टिंबांनी मोडला नाही," मिस्त्री म्हणाला. "त्याच्या टेबलावर हीच कवचं होती. हाच चमकता काठ होता. पाच मिनिटांत कळायला हवं होतं त्याला. त्यानं बघितलंच नाही. माझे पाय बघत बसला."

"अहो, पण आता गेलात तर आपलीच..."

"होऊ दे आपलीच," मिस्त्री म्हणाला. "मी चुकलो असेन. खोट्या चुकीपायी मी दारात उभा राहणार नाही. उद्या त्यानं खरी चूक वाचायची. मोठ्यानं."

•

सकाळी एजन्सीत रांग होतीच. मळेवालाही होता, नव्या इंजिनाचा ट्रॅक्टर घ्यायला आलेला. मिस्त्री चपला घालून पांढऱ्या फरशीवर चालत गेला. तेलाचे ठसे उमटले. दोन टोप्या आणि दोन कवचं त्यानं काचेच्या टेबलावर ठेवली.

"अहो, अहो, काच!"

"साहेब, हे वाचा," मिस्त्री म्हणाला.

"काय वाचा?"

"लोखंड. इंजिन का मोडलं ते यावर लिहिलंय. तुमच्याच टेबलावर होतं. वाचा. आम्ही थांबतो."

हातमोजेवाल्यानं कवच उचललं, फिरवलं, खाली ठेवलं. दुसरं उचललं. रांगेतले लोक सरकून जवळ आले. कुणीतरी कुणाला तरी कोपर मारलं. हातमोजेवाल्याच्या कपाळावर काहीतरी चमकू लागलं. पंखा होता तरी.

"झिजलंय," तो म्हणाला.

"कुठं?"

"काठाला."

"का?"

त्यानं कवच पुन्हा उलटं करून पाहिलं. बारातेरा पुढं झाली. आवाज खणखणीत निघाला. तिनं सगळं सांगितलं. पुढून मोजणं, मागून मोजणं, दुसरीची चौथी झाली ते. कोणी केलं तेही सांगितलं. "मी केलं. माझ्या हातची चूक." मळेवाल्याकडे बघून तिनं ते पुन्हा म्हटलं.

"म्हणजे चूक तुमचीच की!" हातमोजेवाल्याचा जीव भांड्यात पडला.

"आमचीच," मिस्त्री म्हणाला. "तेच सांगायला आलो. आता तुमची सांगा. काचेवर हातोडा लिहिलाय, अडाणी लिहिलंय, शिक्का मारलाय. खोटा कागद आहे तो. काढा."

"तो कंपनीचा रिपोर्ट..."

"मग कंपनीला कळवू या की," बारातेरा म्हणाली. "सोबत ही कवचं पाठवू. तुम्ही बघितली नाहीत हेही लिहू. मला येतं लिहायला. त्या पुस्तकाच्या भाषेतसुद्धा."

रांगेत कुणी हसलं नाही. हसण्यापेक्षा ते वाईट होतं. हातमोजेवाला काचेपाशी गेला. कागद खळीनं घट्ट बसला होता, मोज्यांनी निघेना. त्यानं मोजे काढले. आतले हात घामानं सुरकुतले होते आणि नखं मुळापर्यंत खाल्लेली होती. त्या नखांनी तो कागद खरवडू लागला. अक्षर अक्षर निघत होतं. सगळे बघत होते. मिस्त्री शेवटचा कपटा पडेपर्यंत हलला नाही.

बारातेराला वाटलं होतं, हे बघताना उकाड्यात गार पाणी प्यावं तसं वाटेल. वाटलंही. पण तहान काही गेली नाही.

"ह्या दोघी सारख्या का केल्यात?" तिनं टोप्या उचलून विचारलं.

"कोणत्या?"

"दुसरी आणि चौथी. पहिली वेगळी, तिसरी वेगळी. या दोघीच सारख्या, आणि वर आकडाही नाही. का?"

"आम्हाला काय माहीत?" हातमोजेवाला खाली बसून कपटे गोळा करत होता. त्याचा आवाज दमलेला होता. "आम्ही आलेले पार्ट बसवतो. ते बनवणाऱ्यांना विचार."

"विचारीन," ती म्हणाली.

मळेवाला बाहेर त्यांच्यासाठी थांबला होता. "खरं बोललास, मिस्त्री," म्हणाला. "पण माझा ट्रॅक्टर पुन्हा तुझ्या छपरात येणार नाही. मोडलाच ना शेवटी तुमच्या घरी."

"नका आणू," मिस्त्री म्हणाला, आणि पोती उचलायला बाजाराकडे वळला. त्याची चाल मात्र हमालाची नव्हती.

•

फॉर्म भरून देणाऱ्या ताईंच्या दुकानात पंचवीस मुलं घामट वासात उभी होती. पाचाला दहा कमी असताना बारातेराचा नंबर लागला.

"पहिली पसंती?" ताईंची बोटं बटणांवर तयार होती. "ऑटोमोबाइल म्हणाली होतीस ना परवा? तेच टाकते."

"थांबा."

"थांबायला वेळ कुठंय, बाई?"

बारातेराला पुन्हा ती खुर्ची दिसली, ती काच. खुर्चीत बसलेला माणूस खाली वाकून कपटे वेचत होता. त्या खुर्चीतून त्याला काहीच दिसलं नव्हतं. त्याच्या वरच्या खुर्चीत बसून तिला तरी काय, तोच दिसणार. चार वर्षं रक्त आटवायचं आणि मिळवायचं काय, तर हा? आणि ज्यांनी कुठल्या तरी लांबच्या कारखान्यात गार खोलीत बसून त्या जुळ्या टोप्या आखल्या, ज्यांना कधी कुणी दारात उभं केलं नाही, पाय कसे आहेत ते कधी बघितलं नाही, ते सुटणार? ते तर कुणालाही न कळता सुटले होते. आजपर्यंत.

"मेकॅनिकल," ती म्हणाली. "डिझाइनची शाखा ज्या कॉलेजात आहे ते वर. त्याखालीही मेकॅनिकल. सगळीकडे मेकॅनिकल."

"एकदा दाबलं की बदलत नाही हं."

"दाबा."

ती तशीच शेताकडे गेली. ऊन कलंडलं होतं. बायका ओळीनं कापत पुढं सरकत होत्या. आई टोकाला होती, पदर खोचलेला, मानेवर काड्या. लेक दिसताच ती कंबर धरून ताठ झाली.

"भरलास?"

"भरला. मेकॅनिकल."

आईचा विळा थांबला. शेजारच्या बायकांचेही थांबले.

"बाप पोती उचलतोय," आई हळू म्हणाली, "आणि तू त्या हातमोज्याला सोडलंस?"

"तो लहान आहे, आई."

"लहान?"

"त्याच्या हातात काहीच नाही. मला ते हवेत ज्यांनी त्या टोप्या बनवल्या. त्यांच्यात जाऊन बसायचंय मला. त्यांचे कागद फाडायचेत. दुसरीची टोपी चौथीवर बसूच नये असं करायचंय, आणि हे आधी का केलं नाहीत, ते त्यांना उभं करून विचारायचंय. एकेकाला."

आई तिच्या तोंडाकडे बघत राहिली. वाऱ्यानं उभं पीक एकदा तिकडे झुकलं, एकदा इकडे.

"राग शिळा होतो गं, बाळ," ती म्हणाली. "चार वर्षं म्हणजे चार सुग्या. लोक गोड बोलतील, चांगलं खायला घालतील. टिकेल तुझा?"

"टिकेल."

"बघ हं. मला तुझ्या बापासारखी दुसरी मऊ माणसं घरात नकोत."

"टिकेल म्हटलं ना!"

आई शेजारणीकडे वळली. "जरा सरक गं तिकडं," म्हणाली. ओळ एका माणसापुरती उघडली. बांधावर पडलेला विळा उचलून बारातेरा त्या जागेत वाकली, मूठ भरली, आणि पहिलाच वार इतका खाली, मुळाशी, बसला की विळ्याबरोबर माती उडाली.